मनकर्णाबाईंचं ताक

वासुदेवरावांनी भजनी मंडळातल्या प्रेमदासची बाजाची पेटी न सुधारता परत पाठवली आणि रोहण्यात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कार्तिक लागायच्या आधी काकड्याच्या भजनासाठी आजूबाजूच्या गावांतल्या पेट्या त्यांच्या ओट्यावर येऊन बसायच्या. कुणाचा भाता फाटलेला, कुणाच्या पेटीत उंदरानं संसार थाटलेला, आणि सूर तर सगळ्यांचेच उतरलेले. वासुदेवराव सकाळी शेत पाहून यायचे आणि दुपारी कामाला बसायचे. एका पट्टीखाली दोन पितळी सूर असतात. दोघं जरा जरी वेगळे बोलले तर आवाजात लाट उठते. बारीक कानशीनं टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, आणि लाट विझली की काम झालं. हे सगळं कानावर चालतं. सूर मोजणारं ॲप मोबाइलवर मिळतं, असं प्रेमदासनं एकदा सांगितलं होतं. त्या दिवशी वासुदेवरावांनी त्याला चहाही विचारला नाही.

यंदा मात्र ती लाटच त्यांना ऐकू येईना. श्रावणापासून दोन्ही कानांत एक बारीक, उंच आवाज सुरू झाला होता, न थांबणारा. आधी वाटलं, शेजारच्यांच्या फ्रिजचा असेल. मग वाटलं, विजेच्या तारेचा असेल. एक दिवस शेताच्या मधोमध, जिथं ना फ्रिज ना तार, तिथंही तो आला, तेव्हा ते बांधावर बराच वेळ बसून राहिले. घरी येऊन बायकोला म्हणाले, "माह्या कानात रातकिडा बसला हाये. निंघूनच नाई राह्यला."

मनकर्णाबाईंनी लगोलग शेजारच्या वच्छलाबाईंना गाठलं. वच्छलाबाई म्हणजे गावातलं बिनपाटीचं इस्पितळ. त्यांनी लसूण घालून तेल कडवायला सांगितलं. चार दिवस तेल घातलं. रातकिडा हलला नाही, वासुदेवरावांच्या उशीला मात्र फोडणीचा वास लागला तो लागलाच.

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी. ती तोवर घरात मनकर्णाबाईंशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

यंदा हरभरा निघाला त्याच दिवसांत वासुदेवरावांचे थोरले भाऊ अण्णाजी जेवता जेवता ताटावर कलंडले. हृदय बंद पडलं. अण्णाजी सत्तरचे, वासुदेवराव सदुसष्टचे. दोघांचं नाक तेच, चाल तीच, रागही तोच. महिन्याभरानं ग्रामपंचायतीत तपासणीचं शिबिर झालं. तिथल्या डॉक्टरांनी भावाबद्दल ऐकलं आणि मोठ्या दवाखान्यात जाऊन हृदय तपासून घ्या म्हणून बजावलं. वासुदेवराव गेले नाहीत. गोळी घेतली की माणूस बिमार होतो, असं त्यांचं शास्त्र होतं. त्या शास्त्रापुढे मनकर्णाबाईंचं पंचेचाळीस वर्षांत काही चाललं नव्हतं.

तेव्हाही त्या वच्छलाबाईंकडेच गेल्या. वच्छलाबाईंच्या बहिणीच्या नवऱ्याला रक्त पातळ करायची गोळी चालू होती. "तेच औषध हाये वं," वच्छलाबाई म्हणाल्या, "डोकं दुखल्यावर पाण्यात टाकतो, फसफस करते, तेच. किराण्यात भेटते." यातलं अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्यानं जेवढा घोटाळा होतो तेवढा सगळ्या खोट्यानंही होत नाही. गोळी जेवणात कशी द्यायची, हे काही कुणी शिकवायला नको होतं. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून वरणात पुडी टाकून पाहिलेल्या बायका गल्लीत चार तरी निघाल्या असत्या. त्याला कुणी पाप म्हणत नसे.

मनकर्णाबाईंनी ताक निवडलं, कारण आंबटात आंबट लपतं. वाटीभर पाण्यात गोळी विरघळवायची, ताकात ओतायची, वर मीठ, जिरं, कढीपत्ता. पहिल्याच दिवशी वासुदेवराव पेला रिकामा करून म्हणाले, "यंदा ताकाले चव आली, अवं." त्या चुलीकडे तोंड करून हसल्या. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं. अण्णाजी गेल्यापासून पहिल्यांदा त्या पोटभर जेवल्या.

उन्हाळ्यात वासुदेवराव अधूनमधून छाती चोळू लागले. जळजळते म्हणाले. मनकर्णाबाईंना वाटलं, हृदयच बोलतंय, दुसरं काय असणार? एकीच्या दोन गोळ्या झाल्या. जळजळ वाढली, दोनीच्या चार झाल्या. श्रावण लागला तेव्हा दुपारच्या ताकात तीन आणि संध्याकाळच्या कढीच्या वाटीत तीन, असा नेम बसला होता. वाटी पुढे करताना त्या रोज मनात म्हणायच्या, आजचा दिवस निघाला.

पेटी परत गेली आणि मनकर्णाबाईंनी हट्ट धरला, कान दाखवायचाच. कानासाठी मात्र वासुदेवराव तयार झाले. रोहण्याहून पुलगाव, पुलगावहून वर्धा, तिथून ऑटोनं सेवाग्राम. कान-नाक-घशाच्या खोलीत डॉक्टर पौर्णिमा नावाची तरुण मुलगी होती, कारंजा घाडग्याची. तिच्या बोलण्यात गावाकडचा सूर ऐकू आला आणि वासुदेवराव जरा सैल झाले.

"आवाज बंद करायचे थेंब द्या, बाई," ते म्हणाले. "गोळी नोको."

"बाबा, आवाजाचं औषध नसते," ती म्हणाली. "आवाज कशामुळं येतो ते सापडलं, तर त्याचं औषध असते. तुम्ही काय काम करता?"

"पेट्या सुधारतो."

"मग पेटी बेसूर झाली तर काय करता?"

"पहिले उघडून पाह्यतो."

"तेच करू आपण."

आणि तिनं खरंच काही सोडलं नाही. कानात मळ आहे का पाहिलं, नव्हता. पडदा पाहिला, चांगला होता. कापसाच्या जिनिंगमध्ये, गिरणीत कधी काम केलंय का, फटाका कानाजवळ फुटला होता का, चक्कर येते का, मान दुखते का, जबडा वाजतो का, आवाज नाडीबरोबर ठोके देतो का, एकेक विचारत गेली. लोखंडाचा चिमट्यासारखा काटा टेबलावर वाजवून तिनं त्यांच्या कानाजवळ धरला. वासुदेवरावांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "पेटीची पांढरी एक पट्टी हाये हे. पण जरा उतरली." तेवढं त्यांना अजून कळत होतं. डॉक्टरीणबाई हसली. मग त्यांना एका बंद खोलीत बसवून कानांची तपासणी झाली. बाहेर येऊन ते बायकोला सांगू लागले, "खोली झ्याक हाये. बाहेरचा एक आवाज आत येत नाई. पण माहा रातकिडा संगंच आत आलता."

रक्तदाब वाढलेला निघाला. रक्त तपासायला घेतलं. मग डॉक्टरनं विचारलं, "कोणती गोळी चालू आहे?"

"गोळी?" वासुदेवरावांनी छाती पुढे काढली. "जन्मात नाई."

"रोजची नसेल. अंगदुखीची, डोकेदुखीची? ती पाण्यात टाकली की फसफसते, ती? किराण्यात मिळते म्हणून लोक चण्या-फुटाण्यासारखी खातात. जास्त झाली की कानात असाच आवाज येतो. दोन्ही कानांत, उंच."

वासुदेवरावांनी नाही म्हणून मान हलवली. डॉक्टरनं सहज मनकर्णाबाईंकडे पाहिलं. मनकर्णाबाई पदराच्या टोकाची घडी घालत होत्या. ती घडी मोडून त्यांनी पुन्हा घातली.

"रक्ताचा रिपोर्ट आठ दिवसांनी घेऊन जा," डॉक्टर म्हणाली. "त्यात काही नाही निघालं तर डोक्याचा फोटो काढू. पण कारण शोधल्याशिवाय सोडायचं नाही."

परतीच्या बसमध्ये वासुदेवराव खिडकीला डोकं टेकून झोपले आणि मनकर्णाबाई त्यांच्या कानाकडे पाहत बसल्या. रातकिडा कुणी बसवला होता ते आता त्यांना कळलं होतं. सांगावं तर हा माणूस आपल्याला काय म्हणेल? गोळ्या थांबवाव्या तर अण्णाजींसारखं झालं, मग? आणि एक तिसरा रस्ताही होता, फार सोयीचा. गुपचूप थांबवायच्या. कान बरा झाला तर लसणाच्या तेलाला गुण आला म्हणायचं. वच्छलाबाईंनाही आनंद झाला असता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसतं ताक दिलं. संध्याकाळी वासुदेवराव ओट्यावर बसून छाती चोळू लागले. मनकर्णाबाईंचे हात आपोआप गोळ्या लपवलेल्या डब्याकडे गेले आणि कढीच्या वाटीत तीन गोळ्या पडल्या. सोयीचा रस्ता एका दिवसात संपला.

गुरुवारी प्रेमदास पेटी घेऊन पुन्हा आला. काकडा तोंडावर आला होता, पेटी बेसूर, मंडळ हवालदिल. वासुदेवरावांनी त्याला या खेपेला चहा दिला. मग म्हणाले, "पेटी ठेवून जाय इथंच, उघडून साफ करून ठेवतो. शनिवारी ये. कानशी, चिमटे, पितळेचे सूर, सारं घेऊन जाजो. मोबाइलवर पाहून घासजो, जमते म्हन्तेस ना तू. मले नाई आयकू येत आता."

प्रेमदासनं पेटी ओट्यावर ठेवली. तो गेल्यावर वासुदेवरावांनी हत्यारं ओट्यावर एका धोतराच्या फडक्यावर मांडली. एकेक कानस तेलानं पुसली. सगळ्यांत बारीक कानस पुसताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. अण्णाजींच्या सरणापाशी हा माणूस कोरड्या डोळ्यांनी उभा होता. मनकर्णाबाई दाराआडून पाहत होत्या. यांना जगवायला निघालो आणि यांचा जीव ज्यात असतो तेच आपण काढून घेतलं, हे त्यांना लख्ख कळलं.

शुक्रवारी दुपारी त्यांनी ताट वाढलं. ताकाचा पेला ठेवला. वासुदेवरावांनी तो उचलून ओठांशी नेला.

"पेऊ नका," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"काऊन? माशी पडली?"

"गोळ्या हायेत त्यात. तीन."

पेला तिथंच थांबला. "कायच्या गोळ्या?"

"त्या डाक्टरीणबाईनं सांगतल्या, त्याच. फसफसणाऱ्या. उन्हाळ्यापासून देऊन राह्यली. रातच्या कढीतही तीन असतात."

वासुदेवरावांनी पेला खाली ठेवला. मनकर्णाबाईंनी आता सगळं सांगायचंच ठरवलं होतं. "शिबिरातल्या डाक्टरचं तुमी आयकलं नाई. मी काय करू? अण्णाजी जेवताजेवताच गेले. मी तुमाले वाढतो अन् तुमच्या हाताकडे पाह्यत राह्यतो, घास तोंडापर्यंत जाते का नाई म्हणून. तुमी म्हन्ता, जेवत काऊन नाई तू संगं. कशी जेवू मी?"

ते उठले. पेला घेऊन अंगणात गेले आणि कढीपत्त्याच्या बुडाशी ओतून आले. ताट तसंच राहिलं. "उद्या सकाळच्या गाडीनं सेवाग्रामले जाऊ," एवढंच म्हणाले.

शनिवारी प्रेमदास हत्यारं न्यायला आला, तर दाराला कुलूप होतं.

मनकर्णाबाईंनी रिकाम्या पाकिटांची कापडी पिशवी डॉक्टरच्या टेबलावर उलटी केली. फेकली असती तर कुणीतरी पाहिली असती, म्हणून त्या सगळी तांदळाच्या डब्यात लपवून ठेवत होत्या. टेबलावर ढीग झाला. डॉक्टर पौर्णिमा त्या ढिगाकडे पाहत राहिली, मग तिनं कागद बाजूला सारले आणि खुर्ची मनकर्णाबाईंच्या जवळ ओढली.

"मावशी, हे औषध वाईट नाही. पण कुणाला द्यायचं, किती द्यायचं, हे तपासून ठरते. एवढ्या गोळ्यांनी पोटात रक्त सुटलं असतं तर? छातीत जळजळ होते का, बाबा?"

"होते. उन्हाळ्यापासून."

"ती हृदयाची नसेल. ती या गोळ्यांची आम्लता असेल. पण पाहून घेऊ."

मनकर्णाबाईंना हे समजायला एक क्षण लागला. "म्हंजे जळजळ गोळीनं होत होती," त्या हळू म्हणाल्या, "अन् मी जळजळ पाहून गोळी वाढवून राह्यली होती."

डॉक्टरनं मान डोलावली. त्या दिवशी वासुदेवरावांच्या छातीला तारा लावून पट्टी काढली, हृदयाच्या डॉक्टरांनी पडद्यावर हृदय चालताना पाहिलं, रक्ताचा रिपोर्टही हातात आला. रक्त थोडं कमी भरलं होतं. हृदय ठीक होतं. वाढलेल्या रक्तदाबासाठी रोज सकाळी एक बारीक गोळी लिहून दिली, पोटासाठी थोड्या दिवसांचं औषध दिलं. "फसफसणारी आजपासून बंद," डॉक्टर म्हणाली. "चार-आठ दिवसांत कानातला आवाज उतरायला पाहिजे. नाही उतरला तर पुन्हा या, पुन्हा शोधू." मग तिनं वासुदेवरावांकडे वळून, आवाज न चढवता सांगितलं, "चूक मावशीची आहे. पण तुम्ही वेळेवर तपासून घेतलं असतं, तर तिच्यावर ताकात गोळ्या टाकायची पाळी आली नसती." वासुदेवराव भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे पाहत होते.

घरी आल्यावर ते चिडले नाहीत, ओरडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. पंचेचाळीस वर्षं ज्या रागाला सांभाळून घेतलं तो राग तरी ओळखीचा होता. ते नुसते गप्प झाले. भाकरी, भाजी खायचे, पण ताकाचा पेला हातानं बाजूला सारायचे आणि स्वतः उठून माठातलं पाणी घ्यायचे. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट कोनाड्यात होतं तसंच पडून राहिलं. ती गोळी पुढे करायची मनकर्णाबाईंची हिंमत होईना. कोणत्या तोंडानं गोळी द्यायची? हृदय ठीक आहे, कान बरा होईल, पण आपल्या हातचं हा माणूस आता निर्धास्तपणे खाणार नाही, या विचारानं त्या पार खचल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी परात उचलली आणि पीठ मळायला ओट्यावर येऊन बसल्या, त्यांच्या समोर. भाजी तिथंच चिरली. दुपारी रवी आणि ताकाचा गंजही बाहेर आणला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ताक घुसळलं. मीठ टाकताना मूठ उघडून आधी दाखवली. वासुदेवरावांनी पाहिलं आणि मान वळवली. ताक घेतलं नाही. चौथ्या दिवशीही तसंच. पाचव्या दिवशीही मनकर्णाबाई परात घेऊन बाहेर येऊन बसल्या. येणारे-जाणारे विचारायचे, घरात सापबिप निघाला का काय? त्या म्हणायच्या, आत उजेड कमी हाये.

सातव्या दिवशी दुपारी मनकर्णाबाई आत रवी धूत होत्या, तोच ओट्यावरून पेटीचा सूर आला. एकच पट्टी, दाबून धरलेली. मग थांबला. मग कानशीचा खर्र खर्र आवाज. पुन्हा तीच पट्टी.

"अवं," बाहेरून हाक आली. सात दिवसांतली पहिली. "इकडे ये."

त्या ओल्या हातानंच बाहेर गेल्या. प्रेमदासची पेटी उघडी पडली होती आणि वासुदेवराव भाता हलवत होते. "बस. आयक." त्यांनी पट्टी दाबली. "लाट आयकू येते?"

"मले कुठं समजते त्यातलं."

"मले येते," ते म्हणाले. "रातकिडा हाये अजून, पण पार दूर गेला. लाट आयकू येते."

मनकर्णाबाई तिथंच ओट्याच्या कडेला बसल्या आणि रडू लागल्या. पदर तोंडाला लावायचंही त्यांना सुचलं नाही. वासुदेवरावांनी भाता सोडला. पेटीचा सूर हळूहळू विरला.

"मले सांगाले पायजे होतं तू."

"सांगतलं असतं तर तपासाले गेले असते तुमी?"

वासुदेवरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाई," ते म्हणाले. मग हातातली कानस फडक्यावर ठेवत, तिच्याकडे न पाहता म्हणाले, "भेव वाटलं मले. अण्णाजीले जे होतं तेच माह्यात निंघालं तर, म्हणून नाई गेलो. मले वाटलं, या घरात मी एकटाच भेऊन राह्यलो."

मग वासुदेवरावांनी तळहात पुढे केला, कानशीच्या पितळी भुशानं पिवळा झालेला.

"आण ती कोनाड्यातली गोळी," ते म्हणाले. "अन् ताकही आण."

त्या घाईनं उठल्या. उंबऱ्यापाशी पोचल्या तेव्हा मागून पुन्हा आवाज आला.

"पण अलग अलग आण."